पाणी मोजणारा

"पुन्हा तेच पुस्तक?" मी विचारलं.

बाबांनी कादंबरी पिशवीत सरकवली. तिचं मुखपृष्ठ कधीच गळून गेलं होतं. त्या जागी त्यांनी कॅलेंडरचं जाड पान चिकटवलं होतं. "परशुरामशेठ वाट बघत असतील. आज त्यांना गप्पच करतो."

"एवढा कशावरून वाद?"

"तो पाणी मोजणारा चोर होता की नाही, त्यावरून. तू वाचलंयस ना? तुला काय वाटतं?"

मंगळावरच्या एका वस्तीची ती गोष्ट. घरोघरी पाणी मोजून देणारा एक कारकून. एका सकाळी टाकीतलं पाणी कमी भरतं आणि सगळी वस्ती त्याच्याकडे बोट दाखवते. कादंबरी संपते, पण पाणी कोणी नेलं ते कळत नाही. ती लिहिली गेली तेव्हा मंगळाजवळ कुठलं यानही पोचलं नव्हतं. त्यातला मंगळ म्हणजे आमचा माणदेशच, फक्त जास्त लाल. तरी बाबा ती दर वर्षी वाचत.

"लेखकानं ते मोघम ठेवलंय, बाबा. मुद्दामच."

"मोघम!" चपला घालता घालता ते हसले. "तुम्हा साहित्यवाल्यांना काही विचारायची सोय नाही, निशिगंधा."

ते ठाकुर्लीला गेले. नेहमीसारखेच, गुरुवारी.

बाबा वीज कंपनीच्या भरारी पथकात होते. मीटरमध्ये फेरफार करणारे, तारांवर आकडे टाकणारे पकडायचं काम. परशुरामशेठ ठाकुर्लीतले जुने जमीनदार. त्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत. मी शाळेत असताना बाबांनी त्यांच्या चाळीवर धाड घातली होती. त्यानंतर शेठच्या घरून आमच्याकडे तांदूळ येऊ लागला, सुकट येऊ लागली आणि बाबांचे गुरुवार सुरू झाले. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागला नाही. पुढे डोंबिवलीचा हा फ्लॅट झाला, माझं एम.ए. झालं, लग्न झालं. प्रत्येक वेळी मी मनाशी विचारलं, हे कुठून आलं? बाबांना विचारलं नाही. आई होती तेव्हा तिलाही नाही.

संध्याकाळी ते सुकटीची पिशवी घेऊन परतले. "शेठ ऐकत नाही म्हणजे नाही," म्हणाले. थकलेले दिसत होते. पिशवी त्यांनी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "आमच्याकडे कोणी खात नाही." आणि माजिवड्याला माझ्या घरी निघून आले.

सकाळी बाबांच्या शेजारच्या वासंतीताईंचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

आठव्या दिवशी परशुरामशेठ भेटायला आले. बरोबर त्यांची बायको सखुबाई. शेठ खुर्चीत बसले, पण नजर कपाटावरून, टेबलावरून, बाबांच्या पलंगावरून फिरत राहिली. हा माणूस काहीतरी शोधतोय, हे मी ओळखलं.

"ता पुस्तक कया ठेवलाय गो, बाय?"

"कशाला?" माझा आवाज फार कोरडा निघाला.

"शेवटला पान देखाचा हाय. तुजा बापूस गुरुवारी चिरला माज्यावर. चाय पन नाय पिला."

"चिरंल नाय तं काय!" सखुबाई म्हणाल्या. "म्हातारा त्याला चोर बोलला ना."

"कोणाला?"

"त्या पानीवाल्याला गो!" पदरानं डोळे पुसता पुसता त्यांना हसू आलं. "दोन म्हातारे, आन भांडान मंगलावरचा."

मी पुस्तक आणून दिलं. शेठनी ते उघडलं नाही, नुसतं मांडीवर ठेवलं.

"तुमची ओळख कशी झाली, काका?" मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं.

"तुज्या बापसानं माजी लाईट कापली!" ते मोठ्यानं म्हणाले. "भाडोत्र्यांनी आकडे टाकलेले. मी हाफिसात गेलतो, पाकीट घेऊन. टेबलावर ठेवला. तं यानं त्याच्यावर ह्या पुस्तक ठेवला न् बोलला, शेठ, आधी ह्या वाचा, मंग बोलू. मना वाटला, येडा हाय. पन घरी जाऊन वाचला. त्या मंगलावरची लोका जमीन टाकून गेलीत. आमी इथंच रावलो, न् जमीनच गेली. दंड भरला मी. पुस्तक द्याला गेलो, तवा भांडान सुरू झाला."

सखुबाईंनी मान हलवली. मी पाकिटाचा विचार करत होते. पुस्तक त्यांनी घरी नेलं. पुस्तकाखालच्या पाकिटाचं काय झालं, ते सांगितलं नाही. विसरले असतील. नसतीलही.

"मी आजून तेच बोलतो," शेठ पुस्तकावर थाप मारत म्हणाले. "पानी त्यानंच नेला. मोजनारा तोच, मंग दुसरा कोन नेल?"

सखुबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. "आज तरी नको."

त्या क्षणी पाकिटाचं विचारता आलं असतं. इतक्या वर्षांत सांगू शकेल असा माणूस पहिल्यांदाच माझ्या समोर बसला होता. मी तोंड उघडलं.

"काका," मी म्हणाले, "माझे बाबा प्रामाणिक होते."