स्पर्शबाबाची यंत्रशांती

सर्व्हररूमच्या दाराबाहेर चपलाबुटांचा ढीग पडला होता. अशा खोलीत पादत्राणं बाहेर काढायची ती आत धूळ जाऊ नये म्हणून. इथे ती भक्तीपोटी काढली होती. आत अंग चोरून, खांद्याला खांदा लावून माणसं उभी होती. नर्सेस, एक्स-रे विभागातले तंत्रज्ञ, हिशेब खात्यातल्या बाई, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेले दोन डॉक्टर, आणि सगळ्यांच्या पुढे हात जोडून हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. मधोमध यंत्रांचं काळं कपाट. त्यातल्या टेप ड्राइव्हवर, म्हणजे जुनी माहिती टेपवर साठवणाऱ्या उपकरणावर, पांढरं रेशमी कापड घातलेलं, आणि कापडावर तळहात टेकून, डोळे मिटून एक गुबगुबीत माणूस उभा होता.

"स्पर्शबाबा आहेत," शेजारची नर्स माझ्या कानाशी कुजबुजली. "नुसता हात ठेवला की मशीन बरं होतं."

"आणि माणसं?"

"माणसंही होतात म्हणे. पण इथे ते मशीनसाठीच येतात. पेशंटसाठी डॉक्टर आहेत ना."

म्हणजे हॉस्पिटलात माणसांना औषध आणि यंत्रांना अंगारा अशी वाटणी झाली होती. या बाबाला मी एकेरीच म्हणणार आहे. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल रागवावं.

मी तिथे गेले होते ते माझ्या मावशीच्या कामाला. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मावशी तलावावर पोहायला शिकवते. अर्ध्या गावाला तिनं पाण्यात ढकललंय आणि बाहेरही काढलंय. गेल्या आठवड्यात खोकला जाईना म्हणून तिच्या छातीचा स्कॅन काढला, तर उजव्या फुप्फुसात सुपारीएवढी गाठ दिसली. सर्जनबाईंनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं.

"गाठ अशा जागी आहे की तुकडा काढून तपासायला सुई पोचणार नाही. वाईट असेल तर फुप्फुसाचा तेवढा भाग काढावा लागेल. पण तुम्ही गेल्या वर्षी पडला होतात, तेव्हाही इथेच स्कॅन झाला होता. रिपोर्टमध्ये फक्त बरगड्यांबद्दल लिहिलंय, बाकी कुणी बघितलेलं नाही. ती चित्रं मला हवीत. तेव्हाही गाठ एवढीच असेल तर तो जुना व्रण आहे, हात लावायची गरज नाही. तेव्हा नसेल तर मात्र थांबता येणार नाही."

एवढं सगळं त्या जुन्या स्कॅनवर अवलंबून होतं. मावशीच्या हातात त्याची प्रत कुणी दिलीच नव्हती. सगळं कॉम्प्युटरवर असतं, प्रत कशाला, असं तेव्हा सांगितलं होतं. या हॉस्पिटलात वर्ष उलटलं की स्कॅन डिस्कवरून टेपवर जातो आणि डिस्कवरून पुसला जातो. मावशीचा स्कॅन याच आठवड्यात टेपवर गेला होता. तो घ्यायला मी आले, आणि समोर हा तमाशा.

बाबानं डोळे उघडले आणि बोलायला लागला. आवाज कसा, तर साखरेच्या पाकात घोळवलेला.

"यंत्राला जीव नाही असं कोण म्हणतं? कर्नल म्हणजे यंत्राचा आत्मा. ड्रायव्हर म्हणजे त्याचे हातपाय. आत्मा अपडेट झाला, वरच्या पायरीवर गेला. हातपाय मात्र जुन्याच संस्कारात राहिले. मग कलह होणार नाही तर काय? पडद्यावरच्या त्या लाल ओळी म्हणजे कलहाचा आक्रोश होता. आपण काय केलं?"

"शांत केला," सगळे एका सुरात म्हणाले. डॉक्टरसुद्धा.

मला किळस आली ती याची, की यातला अर्धा भाग जवळपास बरोबर होता. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्रॅम. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या उपकरणाशी कसं बोलायचं हे कर्नलला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. कर्नल नवा आला आणि ड्रायव्हर जुनाच राहिला की दोघांचं जुळत नाही आणि पडदा एररनी भरून जातो. रोज कुठे ना कुठे होणारी गोष्ट आहे ही. बाबा मंडळी अशीच चार खरी वाक्यं कुठूनतरी उचलतात आणि पाचव्या वाक्याला आपल्या डोळ्यांत धूळ फेकतात.

प्रमुख माझ्याकडे वळून मोठ्या कौतुकानं सांगू लागले. "मॅडम, अपडेटनंतर आम्ही पार टेकीला आलो होतो हो. कंपनीला किती फोन केले. शेवटी बाबांना आणलं. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, त्यांच्या शिष्यानं कीबोर्डवर बीजमंत्र टाइप केला, आणि डोळे उघडतो तर एकही एरर नाही. त्याआधी ड्राइव्ह रात्रभर घरघर करायचा. आता आवाज नाही. आणि टेपवर प्रत उतरवायचा तासन् तास चालणारा बॅकअप काही मिनिटांत होतो."

"आणि मग बाबा परत का आलेत?"

"आठवड्यानं यंत्र थकतं ना. सगळं मंद होतं, श्वास कोंडल्यासारखं. मग बाबा येऊन त्याला मुक्ती देतात."

"मुक्ती म्हणजे?"

"बंद करून सुरू करतात. पण विधिपूर्वक."

इंजिनिअर माणूस. भिंतीवर त्यांच्या पदवीची चौकट लटकत होती. अक्कल कुठे गहाण ठेवली होती ते मात्र कळायला मार्ग नव्हता. आवाज नाही, वेळ लागत नाही आणि यंत्र दर आठवड्याला कोंडतं, या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या आणि मी हात वर केला.

"थांबा," मी म्हटलं. "यंत्र बंद करू नका. आधी माझ्या मावशीचा स्कॅन काढून द्या."

"मॅडम, पाच मिनिटं. शांतीच्या मधे बोलू नये."

"मी विनंती करत नाहीये. त्या बटणाला हात लावू नका."

कुणीतरी मागून "शूऽऽ" केलं. हिशेबाच्या बाईंनी माझा दंड धरला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, तुमच्याच पेशंटचं चांगलं होणार आहे. एवढा का त्रागा करता?" तोवर बाबाचा चेला, टाय लावलेला एक लुकडा माणूस, कपाटामागे गेला होता. सगळ्यांनी डोळे मिटले. मी गर्दीतून पुढे घुसेपर्यंत पंखे मंदावत थांबले, पडदा काळा झाला, आणि बाबानं समाधानानं मान डोलावली.

यंत्र पुन्हा सुरू झालं. एकही लाल ओळ नाही. खोलीभर हुश्श झालं. प्रमुखांनी ड्राइव्हमधल्या टेपवरून मावशीचा स्कॅन मागितला. पडद्यावर उत्तर आलं, काही सापडत नाही. त्यांनी पुन्हा मागितला, नाव बदलून मागितला, क्रमांकानं मागितला, आणि मग ओशाळून माझ्याकडे बघितलं.

"याआधी टेपवरून काही परत काढून बघितलंय कधी? बाबा आल्यापासून?" मी विचारलं.

"परत कशाला काढायचं? बॅकअप यशस्वी असं रोज येतं की पडद्यावर."

मी पुढे झाले, रेशमी कापड बाजूला फेकलं आणि बटण दाबून ड्राइव्हमधली टेप बाहेर काढली. खोलीत एकदम चुळबूळ झाली, मी देव्हाऱ्यात पाय ठेवल्यासारखी. टेप मी सगळ्यांना दिसेल अशी हातात धरली.

"ड्राइव्ह आता रिकामा आहे. मान्य?"

"मान्य," प्रमुख म्हणाले.

"मग घ्या बॅकअप."

त्यांनी आज्ञा दिली. थोड्याच वेळात पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळ उमटली, बॅकअप यशस्वी. टेप माझ्या हातात होती. दोघा डॉक्टरांपैकी एकानं आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं.

बाबा मात्र मुरलेला गडी. "भाव असला की टेप कशाला लागते?" तो हसत म्हणाला. "आणि भाव नसेल त्याला टेप कोरीच दिसणार."

खरं सांगते, त्या क्षणी मला शिसारी आली. त्याची आली, आणि या वाक्यावर अजूनही मान हलवणाऱ्या हिशेबाच्या बाईंची त्याहून जास्त आली. मी कीबोर्ड पुढे ओढला आणि सगळ्यांना समजेल असं सांगत गेले.

चेल्यानं पहिल्या दिवशी जो बीजमंत्र टाइप केला होता, तो यंत्रात तसाच लिहिलेला होता: टेपचा ड्रायव्हर सुरू करू नये. झालं. तक्रार करणाराच घालवून दिला, मग तक्रार येणार कुठून? पण ड्रायव्हर नाही म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी टेप ड्राइव्हच नाही. बॅकअपचा प्रोग्रॅम बिचारा हुकमाचा ताबेदार. त्याला ठराविक नावाच्या जागी लिहायला सांगितलेलं. त्या नावाचं उपकरण नाही म्हटल्यावर त्यानं त्याच नावाची साधी फाइल तयार केली आणि सगळे स्कॅन त्यात कोंबले. आणि ही फाइल डिस्कवरही नव्हती. ती कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत होती, वीज गेली की कोरी होणाऱ्या.

"टपालपेटी उखडून नेली," मी म्हटलं, "तिच्या जागी तसंच नाव लिहिलेली कागदाची पिशवी टांगली. पोस्टमन येऊन मुकाट्यानं त्यात पत्रं टाकत राहिला. पिशवी फुगली की तुम्ही म्हणता यंत्राचा श्वास कोंडला. मग बाबा येतो आणि पिशवी जाळून जातो. तुम्ही त्याला मुक्ती म्हणता."

"म्हणजे स्कॅन..." प्रमुख म्हणाले.

"प्रोग्रॅम समजला, बॅकअप झाला. म्हणून त्यानं डिस्कवरचेही पुसले. माझ्या मावशीचा स्कॅन थोड्या वेळापूर्वीपर्यंत या यंत्रात होता. तुम्ही डोळे मिटेपर्यंत होता."

चेला केव्हाच पाय काढता घेऊन गेला होता. बाबाही चपला शोधायला वाकला. प्रमुखांनी त्याची बाही पकडली आणि काय विचारलं असेल? "बाबा, आता काहीच उपाय नाही का?" मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

उपाय होता, पण तो पहिल्या दिवशी करायचा होता. अपडेट झालं तरी जुना कर्नल यंत्रातच ठेवलेला असतो. यंत्र सुरू होताना यादीतून तो निवडायचा, बस्स. मी चेल्याची ओळ काढून टाकली, यंत्र बंद करून जुना कर्नल निवडला, टेप आत घातली, आणि तो बाबानं शांत केलेला ड्राइव्ह घरघर करत कामाला लागला. मग आम्ही एकेक टेप लावून बघितली. बाबा यायच्या आधीचं सगळं होतं. बाबा आल्यापासूनच्या टेप कोऱ्या होत्या. त्यांवर लेबलं तेवढी सुबक अक्षरांत चिकटवलेली होती.

संध्याकाळी सर्जनबाईंच्या खोलीत मीच मावशीला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग आता?" तिनं विचारलं.

"थांबून बघता येईल," सर्जनबाई म्हणाल्या. "पण वाईट असेल तर तेवढ्यात पसरेल. मी तुमच्या जागी असते तर मी थांबले नसते. गेल्या वर्षीचा स्कॅन असता तर मला एवढंही बोलावं लागलं नसतं."

मावशीनं सही केली. तिच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. तपासणीचा निकाल आला: जुना व्रण, बहुधा लहानपणच्या न्यूमोनियाचा. वर्षानुवर्षं तसाच पडून असणार. वाईट काहीही नव्हतं.

निकालाच्या दिवशी प्रमुख फुलं घेऊन वॉर्डात आले. मला वाटलं, माफी मागायला आले असतील. त्यांनी फुलं मावशीच्या उशाशी ठेवली आणि गहिवरून म्हणाले, "मावशी, बघा, बाबांची कृपा. त्या दिवशी हात ठेवला ना त्यांनी, तुमचा स्कॅन यंत्रात असतानाच ठेवला. गाठ साधी निघाली."

मावशी उठून बसली. जन्मभर पाण्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला ऐकू जाईल असं ओरडलेली बाई ती. "अहो, ती गाठ आधीपासूनच साधी..." एवढं बोलली आणि तिला दम लागला. पुढचं वाक्य तिला जमेना. तोंड उघडं ठेवून, माझा हात घट्ट धरून ती श्वास गोळा करत राहिली. प्रमुखांना वाटलं, तिला भरून आलंय.

म्हणून हे लिहिलं. बाबा आजही दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत कापड अंथरत असेल, आणि तिथेही शिकलेलीच माणसं चपला काढून उभी असतील. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तक्रार थांबली म्हणजे दुखणं बरं झालं असं धरून चालू नका. जे जपून ठेवलंय असं तुम्हाला सांगतात, ते एकदा परत मागून बघा. आणि कुणी डोळे मिटायला सांगितले तर मिटू नका.