बारावी खिडकी

मिस्त्रींनी छिन्नी खाली ठेवली आणि तळहाताने भिंतीवरची धूळ पुसली. ओल धरलेला गिलावा काढायचं काम सकाळपासून चाललं होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीभोवतीचे पोपडे बोट लावताच गळून पडत होते. आता मात्र ते दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी करून भिंतीकडे पाहत राहिले आणि दारात उभ्या असलेल्या पाहणी अधिकाऱ्यांना म्हणाले,

"साहेब, जरा इकडे या."

साहेब आले. संरक्षित इमारतींच्या कचेरीत त्यांना पाठीमागे सगळे दगडोबा म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तीनशे वर्षांच्या या दगडी शेतघराची नोंद त्यांनीच केली होती, एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीतली अगदी पहिली. त्या नोंदीमुळे घराला कायद्याचं संरक्षण मिळालं. तेव्हापासून इथे खुंटी ठोकायची तरी अर्ज करावा लागे आणि तो अर्ज फिरून त्यांच्याच टेबलावर येई. आता निवृत्तीला चार महिने उरले होते.

खिडकी जेमतेम हातभर रुंद होती. मिस्त्रींनी बोट ठेवलं ते तिच्या डावीकडे, आणखी हातभर अंतरावर. तिथे घडीव दगडांची एक सरळ उभी कड होती. उजवीकडे तशीच दुसरी. वरती दोन्ही कडांवर टेकलेला एक लांब अखंड दगड. या चौकटीच्या आतली भिंत मात्र लहानमोठ्या गोट्यांची, मातीत कशीबशी रचलेली होती.

"खिडकी ही एवढी होती," मिस्त्री हात पसरून म्हणाले. "कुणीतरी मागाहून बुजवलीय. मध्ये हे भोक तेवढं ठेवलंय."

साहेबांचे कान गरम झाले. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतंच. नियम असा की नोंद करण्याआधी प्रत्येक दारा-खिडकीच्या कडेचा गिलावा टीचभर काढून मागचा दगड पाहायचा. अकरा ठिकाणी त्यांनी तो पाहिला होता. बारावी ही स्वयंपाकघरातली. चुलीपुढे घरातली नवी सून पाठमोरी बसली होती, धूर डोळ्यांत जात होता, अंधारात टेपवरचे आकडे दिसत नव्हते. तिथे पाच मिनिटं थांबणं त्यांच्या जिवावर आलं. माप घेतलं न घेतलं करून ते बाहेर पडले आणि अंगणातल्या मोकळ्या हवेत बसून वळणदार अक्षरात त्यांनी लिहून टाकलं: 'स्वयंपाकघराची अरुंद खिडकी हे या घराचे मूळ वैशिष्ट्य असून ते जसेच्या तसे जपावे.'

पुढे खिडकी मोठी करू द्या म्हणून या घरातून तीन अर्ज आले. तिन्ही वेळा त्यांनी नकार दिला आणि कारण म्हणून हेच वाक्य उतरवून काढलं. आपण आपल्यालाच साक्षीदार म्हणून उभं करतोय, हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. तेव्हाची ती नवी सून म्हणजे याच. आता पन्नाशी उलटलेल्या, घराच्या मालकीण, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या वहिनी. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता.

"निघाला का सगळा गिलावा?"

मिस्त्रींनी साहेबांकडे पाहिलं. बोलायचं तर साहेबांनी, असं ते पाहणं होतं.

साहेबांनी घसा खाकरला. "वहिनी, तुमच्या खिडकीच्या त्या अर्जांचं... मी फेरविचार केलाय. ओल फार आहे, हवा खेळायला पाहिजे. विशेष बाब म्हणून परवानगी देतो."

मोठ्या मनाच्या माणसाचा आवाज लागला होता. तो आपल्याच तोंडून निघालेला ऐकून साहेबांना कसंसंच झालं.

वहिनींनी कप ओट्यावर ठेवले. "खरं सांगता? अगं, ऐकलंस का," त्यांनी आतल्या खोलीतल्या सुनेला हाक मारली, "साहेबांनी खिडकीचं काम केलं आपलं." मग साहेबांकडे वळून त्या म्हणाल्या, "फार उपकार झाले हो."

मिस्त्रींनी छिन्नी उचलली आणि अंगठ्याने तिची धार चाचपत बसले. त्यांनी एखादा टोमणा मारला असता तरी साहेबांना बरं वाटलं असतं. झालेल्या चुकीची लाज वाटत होती, पण त्याहून जास्त त्या आभारांची वाटत होती. चूक एका घाईतल्या पोरसवदा माणसाची म्हणून झाकता आली असती. आभार मात्र त्यांनी आत्ता, पिकल्या केसांनी, मुकाट्याने खिशात घातले होते.

ते परवानगीचा फॉर्म काढून लिहायला बसले. घर, मालक, कामाचं स्वरूप. 'कारण' या रकान्यापाशी पेन अडलं.

"वहिनी, उपकार वगैरे काही नाहीत," ते वर न बघता म्हणाले. "खिडकी मुळात मोठीच होती. हे दगड बघा. मी तेव्हा नीट पाहिलं नाही. चूक माझी आहे."

वहिनींनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माहीत आहे की," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"मोठी होती ते. सासूबाई सांगायच्या. धाकट्या दिरांच्या वेळी त्या बाळंतीण, थंडी कडाक्याची, म्हणून सासऱ्यांनी बुजवली. उन्हाळ्यात काढू म्हणाले आणि राहून गेलं. ह्यांनी पहिल्या अर्जात लिहिलं होतं ना सगळं."

साहेबांनी फाइल उघडली. पहिला अर्ज तळाशी होता. दुसऱ्या परिच्छेदात थंडी होती, बाळंतपण होतं, उन्हाळ्याचा वायदाही होता. त्या ओळींखाली लाल पेन्सिलीची रेघ आणि समासात त्यांचंच वळणदार अक्षर: 'ऐकीव. पुरावा नाही.'

त्यांनी फाइल मिटली.

"मग मघाशी का बोलला नाहीत? मी विशेष बाब म्हणालो तेव्हा?"

"काय बोलायचं?" वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही देतच होतात परवानगी. मिस्त्री समोर बसलेले. चार माणसांत तुम्हाला कशाला खाली पाहायला लावायचं?"

मिस्त्री उठले आणि पाणी आणतो म्हणून घमेलं घेऊन बाहेर गेले. पाणी आणायला घमेलं लागत नाही, हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

साहेब लिहू लागले. 'मूळ नोंद चुकीची आहे. खिडकी पूर्वी मोठी होती, असे कुटुंबाने पहिल्याच अर्जात कळवले होते. ते मी मानले नाही. सबब तीन अर्ज माझ्याकडून चुकीने फेटाळले गेले.' रकाना पुरला नाही, उरलेलं त्यांनी कागदाच्या मागे लिहिलं. खाली सही केली आणि कागद पुढे केला.

"वाचून घ्या. काही राहिलं असेल तर सांगा."

वहिनींनी कागद घेतला. चष्मा डोळ्यांवर होता, डोक्यावर दिवा लागलेला होता, खिडकी दोन पावलांवर होती. पण त्या सवयीने वळल्या, स्वयंपाकघर ओलांडून, पुढची खोली ओलांडून पार बाहेरच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथल्या उजेडात कागद धरून वाचू लागल्या.

साहेब ओट्यापाशी उभे राहिले. वहिनींना वाचायला बराच वेळ लागला.