चिठ्ठी डावीकडे

मीटिंगमध्ये ड्राफ्ट्समननी टेबलाखालून चिठ्ठी डावीकडे सरकवली आणि ती जमिनीवर पडली. घ्यायला कुणी नव्हतं. तिथे बसणारा विक्री खात्यातला सहकारी, सगळ्यांचा 'भोंगा', वारून दोन महिने झाले होते. हाताला मात्र अजून कुणी कळवलेलं नव्हतं.

कुलपांच्या त्या कारखान्यात बावीस वर्षं हाच रिवाज होता. कल्पना सुचायची ड्राफ्ट्समनना, पण चारचौघांत त्यांची दातखीळ बसायची. मग चिठ्ठी, आणि लगेच भोंग्याचा टेबलावर दणका : "ऐका रे, काय डोकं चाललंय माझं!" बाहेर आल्यावर तो डोळा मारायचा. "डोकं तुझं, घसा माझा. फिट्टंफाट!"

गंमत अशी, की घरी एकटं बसून ड्राफ्ट्समनना काही सुचतच नसे. दोन महिने त्यांनी कागदावर नुसती वर्तुळं काढली.

"अहो, आज तरी तोंड उघडा," सकाळी बायको म्हणाली. "नाहीतर गोदामात पाठवणार ना तुम्हाला त्या नव्या मॅडम?"

"हं."

"हेच तिथे म्हणा. हं तर हं."

आणि आज त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसल्याबरोबर त्यांना भोंगा दिसला. आजारपणातला, स्वतःच्याच दारात किल्ली घेऊन उभा. हात थरथरतोय, किल्ली भोकाभोवती नुसती फिरतेय. कुलपाला नरसाळ्यासारखं तोंड दिलं तर? किल्ली आपसूक घसरेल आत.

"बिनधास्त बोला," मॅडम म्हणाल्या. "इथे कुणी कुणाला हसणार नाही."

सगळे हसले.

ड्राफ्ट्समन उठले. टेबलावर दणका बसला. "ऐका रे!" आवाज भोंग्याचा होता, शेवटच्या दिवसांतल्या धापेसकट. नरसाळं, थरथरता हात, सगळं धडाधड बाहेर पडलं.

"हुबेहूब तोच!" विक्री खात्याचे साहेब पुटपुटले. "जाताजाता सांगून गेला असणार."

"कुलूप तर करूच," मॅडम म्हणाल्या. "पण कल्पना त्यांची, की तुमची?"

ड्राफ्ट्समननी डावीकडे पाहिलं. हात त्याचा होता. थरथरही त्याचीच.

"त्याची," ते म्हणाले. बावीस वर्षांत त्या खोलीत स्वतःच्या आवाजातला त्यांचा हा पहिला शब्द.

मॅडमनी डिझाइन खात्याच्या यादीतल्या त्यांच्या नावावर रेघ ओढली. फूटपट्टीशिवाय इतकी सरळ, की ड्राफ्ट्समननी मनातल्या मनात दाद दिली.