मागच्या उताराचा पत्रा

प्रतिक्षानं घरावर स्लॅब टाकला त्या दिवशी सगळ्या वस्तीनं जिलेबी खाल्ली. मी दाढ दुखतेय म्हणून सांगितलं आणि माझी पुडी शेजारच्या नागम्माला देऊन टाकली. दाढ ठणठणीत होती. दुखत होतं ते दुसरंच, आणि ते अजून थांबलेलं नाही.

प्रतिक्षा माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा सतीश रेल्वेत आणि ती स्वतः विम्याच्या ऑफिसात. माझे मालक ईश्वर एसटी डेपोत मेकॅनिक. सोलापुरात कुमठा नाक्याच्या पुढं आमची वस्ती आहे, तिथं आमचं पत्र्याचं घर. सतीशनं जागा घेतली ती नेमकी आमच्या मागच्या बोळात. त्यांचं दार आमच्या पाठीकडं. म्हणजे मी उठता-बसता त्यांचं घर बघत राहायचं, अशी सोय झाली. मी ती मोडून काढली. मागच्या खोलीच्या खिडकीला माझी एक जुनी साडी खिळे मारून ठोकली. खोलीत दिवसाही बल्ब लावावा लागतो, पण त्यांची गुलाबी भिंत दिसायची थांबली. बोळातून जाणंही मी बंद केलं. दुकान त्या बाजूनं जवळ पडतं, तरी मी मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जाते.

लोकांना वाटतं मी स्लॅबवर जळते. स्लॅबवर जळतेच, खोटं कशाला बोलू? मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली बसून बघा, मग कळेल. पण स्लॅब मी सोसला असता. माझा जीव अडकलाय तो सासूबाईंत.

आम्ही दोघी जावा त्यांना आत्या म्हणतो. आत्या माझ्याकडं राहतात. मी केम गावाहून लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. आत्यांनी शिकवली, "अगं शालन, अगं शालन" करत, शिव्या देत देत शिकवली. आता लेक लग्न होऊन माळशिरसला गेली, मालक सकाळी डेपोत जातात, मग दिवसभर घरात आत्या आणि मी. आम्ही चहावरून भांडतो, टीव्हीवरून भांडतो, चटणीत लसूण किती घालायचा यावरून भांडतो. दिवस कसा जातो ते कळत नाही. आणि प्रतिक्षा दर रविवारी दारात उभी राहून म्हणते, "आत्या, चला की आमच्याकडं राहायला. पत्र्याचं ऊन तुम्हाला सोसत नाही." गोड बोलते. गोड बोलणाऱ्या बाईला तोंडावर काही बोलता येत नाही, हाच तर माझा त्रास. आत्या नुसत्या हसतात. मला भीती एकच, की एखाद्या रविवारी त्या हो म्हणतील.

एके दिवशी दुपार कलल्यावर वारं सुटलं. होटगी रोडकडून धुळीचा लोट आला आणि पत्रे धडाधड वाजायला लागले. मी आत्यांना मागच्या खोलीतून ओढून पुढं आणलं. दोघी दाराच्या चौकटीला धरून बसलो. मग पाऊस, मग बोराएवढ्या गारा. कुठंतरी मागं मोठा कडकड आवाज झाला आणि लाईट गेली. थोड्या वेळानं सगळं थांबलं. गल्लीत लिंबाची फांदी आडवी पडली होती आणि शंकरप्पाच्या दुकानाचा बोर्ड नळापाशी जाऊन पडला होता.

वादळ झालं की आमच्या वस्तीतल्या बायका अंगणात येऊन मान वर करून दगड बघतात. पत्रा उडू नये म्हणून प्रत्येक घरावर दगड ठेवलेले असतात. दगड जागेवर तर पत्रा जागेवर, हा आमचा सगळ्यांचा हिशेब, सासूनं सुनेला शिकवलेला. नागम्मानं तिच्या घरावरचे दगड बघितले, मी माझ्या. पुढच्या उतारावरचे सगळे होते तिथं होते. घराच्या बाजूनं वाकून बघितलं तर मागच्या वळचणीलाही दगडांची टोकं दिसत होती. आत्या परत आपल्या खाटेवर गेल्या, मी पदर खोचला आणि केर काढायला लागले.

तेवढ्यात प्रतिक्षा आली. ऑफिसातून नुकतीच आलेली, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल.

"अक्का, तुमच्या मागच्या उताराचा एक पत्रा उचललाय. आढ्यापाशी. आत्यांच्या खोलीवरचाच."

"दगड जागेवर हायत," मी म्हणाले.

"दगड खालच्या टोकाला हायत. पत्रा वरनं सुटलाय. हे बघा, मोठा करून फोटो काढलाय."

मी फोटोकडं बघितलंच नाही. "तुला तुज्या दारातनं आमचं समदंच दिसतंय की. दुसरा उद्योग न्हाय व्हय?"

"अक्का, वादळाचे क्लेम रोज बघतीय मी. माणसं पत्र्यानं मरत नाहीत, पत्रा बघायला वर चढून मरतात. खाली उभं राहून, लांबनं, चारी बाजूनी बघायचं. आन् मला जरा आत्यांची खोली आतनं बघू द्या. ओल आलीय का, वरनं उजेड दिसतोय का, एवढंच."

तिचा डाव मला स्वच्छ दिसला. आधी पत्रा उचललाय म्हणायचं, मग आत्यांच्या जिवाला धोका आहे म्हणायचं, मग हाताला धरून स्लॅबाखाली न्यायचं. मी केरसुणी घेऊन दारात आडवी उभी राहिले. प्रतिक्षानं माझ्या खांद्यावरून हाक मारली, "आत्या, मागं गळतंय का हो?"

"न्हाय गं बाई," आतून आत्या म्हणाल्या. "काय सुदिक न्हाय. जा तू."

मला इतकं बरं वाटलं की मी दारातच हसले. "ऐकलंस?"

त्याच वेळी मालक आले. फाटकात मोटारसायकल लावतात न लावतात तोच प्रतिक्षानं त्यांच्यापुढं मोबाईल धरला. त्यांनी चष्मा वर करून फोटो बघितला आणि म्हणाले, "खरंच की गं." तिला म्हणाले, मला नाही. मी दिवसभर घरात, वादळात आत्यांना धरून बसले मी, आणि खरं कोण तर ती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मालकांनी शिडी काढून पुढच्या भिंतीला लावली. "चढून बघतो."

"दादा, नका," प्रतिक्षा म्हणाली. "पत्रा ओला हाय. आन् खांबावरची वायर तुटून मागं पत्र्यावर पडलीय. लाईट कधीबी येईल."

"वायर न्हाय आन् बियर न्हाय," मी म्हणाले. "चढा तुमी. बघून या आन् सांगा हिला."

हे मी माझ्या नवऱ्याला म्हणाले. पत्रा धड निघावा, प्रतिक्षा खोटी पडावी, आणि वस्तीनं ते उभं राहून बघावं, एवढंच त्या घटकेला माझ्या डोक्यात होतं. नागम्मा आलीच होती, शंकरप्पाही बोर्ड बगलेत धरून थांबला होता.

मालकांनी चपला काढल्या आणि शिडीवर पाय ठेवला. प्रतिक्षानं दोन्ही हातांनी शिडी धरून हलवली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. त्या दिवशी ओरडली.

"अक्का, एकदा माझ्या दारात येऊन उभ्या राहा! एकदा! मग पाहिजे ते बोला मला."

मालकांनी पाय खाली घेतला आणि माझ्याकडं बघायला लागले. आता नाही म्हटलं असतं तर माझंच हसं झालं असतं. मी केरसुणी टाकली आणि बोळात वळले.

प्रतिक्षाच्या पायरीवर उभी राहून मी वर बघितलं. दिसायला ते इतकं सोपं होतं की मला त्याचाही राग आला. आत्यांच्या खोलीवरचा पत्रा आढ्यापासून सुटून हातभर वर आला होता आणि वाऱ्याच्या झुळकीला खालीवर होत होता. हुक वाकले होते. खालच्या टोकाला आमचे दगड निवांत बसले होते. आणि खांबावरून तुटलेली काळी वायर आढ्याच्या शेजारी पत्र्यावर लोळत होती. आमच्या छपराचे सगळे पत्रे एकमेकाला जोडलेले. लाईट आली असती आणि मालकांनी पुढच्या बाजूनं नुसता हात टेकला असता, तरी संपलं होतं.

"शिडी काढा!" मी तिथूनच ओरडले. "अवो, आधी शिडी काढा ती!"

पलीकडून शिडी खाली ठेवल्याचा आवाज आला. प्रतिक्षानं लाईट ऑफिसला फोन लावून वायर तुटल्याचं सांगितलं, खांबाचा नंबरही सांगितला. मी तिच्याच पायरीवर मटकन बसले. समोर आमची मागची खिडकी होती आणि खिडकीत माझी साडी, विटलेली, खिळ्यांपाशी फाटलेली. प्रतिक्षा रोज सकाळी दार उघडत होती ती या साडीकडं बघत.

तिनं पाणी आणलं. तिच्या मागं दार सताड उघडं होतं. आत खिडकीपाशी एक खाट, खाटेवर घडी न मोडलेली चादर, उशाशी स्टुलावर पाण्याचा तांब्या.

"कुणाची गं खाट?" मला माहीत असून मी विचारलं.

"आत्यांची. घर झाल्यापासनं तशीच हाय. एकदाच येऊन बसल्या. चहा केला मी, तर अर्धाच घेतला. म्हणाल्या, शालनच्या हातचा न्हाय." ती दुसरीकडं बघायला लागली. "मला आई न्हाय, अक्का. वाटलं होतं थोडं तरी माझ्याकडं राहतील. पण तुमी त्यांना सोडतच न्हाय."

म्हणजे ती माझ्यावर जळत होती. स्लॅबाखाली राहून, ऑफिसात जाऊन, माझ्यावर. मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं, आणि मी पाणी सगळं पिऊन टाकलं.

घरी आले तशी सरळ मागच्या खोलीत गेले. बल्ब बंद, खिडकीला साडी. दार लोटलं तर वर आढ्यापाशी उजेडाची लांब फट, आणि हुकांच्या भोकांतून आलेले बारीक ठिपके आत्यांच्या पांघरुणावर पडलेले. नेहमी बल्ब चालू असायचा, म्हणून मला ते कधी दिसले नव्हते. आत्या खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या, खाटेखालचं काहीतरी लुगड्याच्या घोळानं झाकत. मी वाकून बघितलं. तांबूस पाण्यानं भरलेलं पातेलं होतं आणि मागं गुंडाळून ठेवलेली ओली गोधडी.

"आत्या, हे कवापासनं?"

"मागल्या वळवापासनं थेंब थेंब येतंय. आज जरा जास्ती आलं."

"आन् मला सांगायला काय झालं होतं? आता तर न्हाय म्हणून सांगितलं की तुमी तिला!"

आत्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू मला तिकडं धाडलं असतंस. रोज म्हणतीसच न्हवं, जावा की स्लॅबात, तितं गार हाय."

म्हणते मी. भांडण झालं की शेवटचं वाक्य माझं तेच. मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं असतं की न्हाय जात मी कुटं. त्या गप्प बसायच्या आणि मला वाटायचं, जायचा विचार करताहेत. त्या मात्र ओली गोधडी खाटेखाली लपवत होत्या, मी हाकलून देऊ नये म्हणून. मला रडू आलं. मी तिथंच जमिनीवर बसून रडले.

पण बाहेर पुन्हा आभाळ भरून यायला लागलं होतं. पत्रे बसवणारा मिस्त्री गुरुसिद्धप्पा वायर निघाल्याशिवाय वर हात लावणार नव्हता. त्या छपराखाली आत्यांना ठेवायची सोय नव्हती. मी त्यांच्या गोळ्या, चष्मा आणि दोन लुगडी पिशवीत भरली.

"बघ," आत्या म्हणाल्या, "धाडलंस न्हवं शेवटी."

हाताला धरून मी त्यांना बोळातून नेलं. प्रतिक्षाच्या घरात शिरल्यावर त्या खाटेच्या अगदी कडेला बसल्या, परक्याच्या घरी बसावं तशा. प्रतिक्षाला आनंद झाला होता आणि तो दाखवायची तिला भीती वाटत होती. पिशवी कुठं ठेवावी तेही तिला सुचेना.

"जा आता," आत्या मला म्हणाल्या. "तुजं घर बघ."

मी वळले, चपलांत पाय घातला. मागं बघितलं तर प्रतिक्षा वाकून आत्यांच्या पाठीशी उशी लावत होती, हळूच, आणि आत्यांनी पाठ टेकलीसुद्धा. ते माझ्यानं बघवेना. मी चपला पुन्हा काढल्या.

"प्रतिक्षा, दुसरी गादी काढ."

"कुणाला, अक्का?"

"मला. पत्रा बसूस्तोवर मीबी हितंच ऱ्हाणार. त्यांच्या खाटेला लागून टाक गादी. मदी जागा ठिवू नगंस."

"आन् ईश्वर?" आत्यांनी विचारलं. पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"त्यांचं ते बघतील. तुमाला सोडून मी न्हाय जात कुटं."

प्रतिक्षा गादी आणायला आत पळाली. आत्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मला बसायला जागा द्यावी म्हणून खाटेवर थोड्या सरकल्या. सरकल्या त्या प्रतिक्षानं लावलेल्या उशीकडं, तेवढं मी बघून ठेवलं.