चिमट्याचे हात

बेकरीत त्याला सगळे 'चिमटा' म्हणत, आणि हे नाव त्याने अगदी मिरवलं. भट्टीतून पावांचे तापलेले पत्रे तो उघड्या हाताने ओढायचा. बाकीचे कारागीर फडक्यांत हात गुंडाळून हाय-हुय करत असताना हा पठ्ठ्या उजव्या हाताने पत्रा धरून डाव्याने मिशीला पीळ द्यायचा. गिऱ्हाइकं तेवढ्यासाठी थांबत. मालक तर पाहुण्यांना मुद्दाम आत आणून दाखवी. म्हातारपणी खुर्चीत बसून लेकीचं काम बघताना ते दिवस आठवले, की त्याची मान अजून ताठ व्हायची. आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते ते, मग खरं कारण काहीही असो.

खरं कारण कळलं ते दवाखान्यात. एकदा मनगट चांगलं खोलवर भाजलं आणि याला पत्ताच नव्हता. बायकोने ओढत नेलं. डॉक्टर भाजलेलं सोडून दंडावरचा फिकट चट्टाच बघत बसले. मग त्यांनी डोळे मिटायला लावले, कापसाची वात वळली आणि म्हणाले, "हाताला शिवलं की सांगायचं." हा आपला वाट बघत राहिला. डोळे उघडले, तेव्हा डॉक्टर ती वात टाकून देत होते.

"कुष्ठरोग," ते म्हणाले. "गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्या कुणाला व्हायची भीती नाही. पण ज्या नसा गेल्या, त्या परत येणार नाहीत."

इतकी वर्षं ज्याला तो देणगी समजत होता, तो रोग निघाला. रोगाचं वाईट वाटलंच, पण कौतुक गेल्याचं जास्त वाटलं. माणसाचं डोकं असंच चालतं. गोळ्या त्याने नेमाने संपवल्या, पण कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायको तेवढी जाणत होती. तिने जाड कापडाचे हातमोजे शिवून दिले, ते हा फक्त कुणी बघत नसताना घालायचा. रोज संध्याकाळी ती त्याचे हात पाण्यात भिजवायची, तेल लावायची आणि दिव्याखाली एकेक बोट उलटंपालटं करून बघायची.

"हे कधी झालं?" फोड दिसला की ती विचारायची.

"मला काय माहीत," तो म्हणायचा, आणि दोघं हसायची. लहानगी लेक दारातून बघायची आणि शेजारीपाजारी सांगत सुटायची, आमचे आईबाबा रोज हातात हात घेऊन बसतात.

पुढे मालक थकला, बेकरी याच्याकडे आली आणि याच्याकडून लेकीकडे गेली. बायको गेल्यावर तो चष्मा लावून एकटाच हात बघू लागला. म्हणजे आठवेल तेव्हा.

त्या दुपारी एका जुन्या गिऱ्हाइकाने लेकीला छेडलं, "चिमट्याची मुलगी ना तू? मग फडकं कशाला?"

लेकीने फडकं भिरकावलं, उघड्या हाताने पत्रा ओढला आणि टेबलावर ठेवला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "बापावर गेलेय," ती म्हणाली. गिऱ्हाईक खूश झालं.

म्हातारा मात्र तिचा हात बघत राहिला. बायकोला आणि न कळत्या वयाच्या लेकीला तेव्हा तपासलं होतं, काही निघालं नव्हतं. पण हा रोग अंगात वर्षानुवर्षं दबा धरून बसतो, असंही डॉक्टर म्हणाले होते.

गिऱ्हाईक जाताच त्याने दार लोटलं. "बस इथे. डोळे मीट."

"बाबा, भट्टीत माल आहे."

"जळू दे."

कापूस नव्हता. त्याने मैद्याच्या पोत्याचा धागा उसवला. बोटांना तो कळत नव्हता, नजरेनेच धरावा लागला. त्याने तो लेकीच्या हाताला टेकवला.

"अंगठा," ती म्हणाली. "करंगळी. मनगट. बाबा, गुदगुल्या होतात."

मग त्याने लाल झालेल्या जागी हलकेच बोट ठेवलं. "इथे काही होतंय?"

"नाही," ती झटकन म्हणाली.

त्याने बोट उचललं नाही. "खरं सांग, बाळा."

ती डोळे मिटूनच होती. कडेने पाणी आलं. "दुखतं हो. पत्रा धरला तेव्हापासून दुखतं. पण लोक तुमचं नाव काढतात. चिमट्याच्या लेकीला चटका बसतो, हे तुमच्यासमोर कसं दाखवू?"

"परत सांग."

"काय?"

"दुखतं म्हणून."

"दुखतं, बाबा."

असं गोड त्याच्या कानांनी कधी ऐकलं नव्हतं. त्याने आधी तिचे हात गार पाण्यात बुडवले आणि मग सगळं सांगून टाकलं. चट्टा, गोळ्या, लपवलेले हातमोजे, काही उरलं नाही. आता लेक आपली खुर्ची लांब सरकवणार, असं त्याला वाटत होतं.

लेकीने पाण्यातून हात काढले. "म्हणजे आई रोज संध्याकाळी..."

"तपासायची."

तिने ओले हात पुसले, खुर्ची ओढून जवळ घेतली आणि त्याचा हात खिडकीच्या उजेडात धरला. एकेक बोट उलटंपालटं केलं. करंगळीखाली एक फोड फुटून वाळला होता.

"हे कधी झालं?" तिने विचारलं.

"मला काय माहीत," तो म्हणाला, आणि बायको गेली तेव्हा जे रडू आलं नव्हतं, ते आलं. लेकीने दुसरा हात मागितला.