लाल तळहात

छोट्या उद्योजकांच्या त्या प्रदर्शनात दुपारपर्यंत फारसं गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, पण कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. गर्दी केली होती खुद्द विक्रेत्यांनीच. मधोमध बरकतबाबा बसले होते. ज्याचा माल खपत नाही त्याचा तळहात ते आपल्या उजव्या हाताने चोळत, डोळे मिटून पुटपुटत आणि बाटलीतल्या पाण्यासारख्या द्रवाचे चार थेंब त्यावर टाकत. तळहात बघता बघता लाल होई.

"बरकत अडली आहे," बाबा म्हणत. "पाणी खोटं बोलत नाही."

मग दुसऱ्या बाटलीतलं शांतिजल शिंपडलं की लाली गायब. ती कायमची जायला हवी असेल तर बाबांकडची पुडी विकत घेऊन टेबलावरच्या कापडाखाली ठेवायची. दिवसभर रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाला कसलंही कारण सापडलं तरी हायसं वाटतं, हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं. मेणबत्तीवाल्या काकांनी तर दोन पुड्या घेतल्या.

काकांच्या शेजारचं टेबल साबणवाल्या वहिनींचं. घरच्या घरी साबण करून त्या आणि त्यांची धाकटी जाऊ पहिल्यांदाच प्रदर्शनात आल्या होत्या, आणि दोन वड्यांपलीकडे काही गेलं नव्हतं. वहिनी नको म्हणत असताना धाकटी रांगेत उभी राहिली. सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला साबणाचा फेस करून दाखवत होती, त्यामुळे तिचे हात ओलेच होते. बाबांनी तिचा एक तळहात चोळून थेंब टाकले. थेंब ओघळून दुसऱ्या हातावर गेले आणि बाबांनी शिवलेलाही नव्हता तो हातसुद्धा गुलाबी झाला.

बाबा क्षणभर दचकले. वहिनींनी ते नेमकं पाहिलं. पण असली माणसं दचकली तरी जीभ अडखळत नाही.

"दोन्ही हात! अख्ख्या सभागृहाचा दोष हिच्या हातांतून पाझरतोय," बाबांनी जाहीर केलं.

झालं. काकांनी आपलं टेबल ओढून लांब नेलं. संयोजकबाईंनी, उद्या तुम्ही बाहेर पॅसेजमध्ये बसा, असं गोड आवाजात सुचवलं. धाकटीने हात पदराखाली घेतले आणि एकाही वडीला पुन्हा स्पर्श केला नाही.

"ताई, मी उद्यापासून येत नाही," ती घरी जाताना म्हणाली. "माझ्या हातांनी तुमचं वाटोळं नको."

विक्री बुडाली ते वहिनींनी गिळलं असतं. पण जिने वर्षभर चटके सोसून साबण घोटला, तिला स्वतःच्या हातांची भीती घातली होती. वहिनींचं डोकं फिरलं. त्या बाबाला त्याच सभागृहात, त्याच लोकांसमोर उघडा पाडायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

सकाळी त्यांनी फडताळातून एक छोटी बाटली काढली. साबणाचा नवा घाणा झाला की वडी ओली करून त्या तिच्यावर या बाटलीतला एक थेंब टाकत. डाग गडद गुलाबी उठला तर कॉस्टिक सोडा शिल्लक आहे, वडी आणखी काही आठवडे ठेवायची. धाकटीकडे घोटणं आणि बांधणी असायची, त्यामुळे ही तपासणी तिने कधी पाहिली नव्हती. वहिनींनी मात्र तो रंग शेकडो वेळा पाहिला होता. त्यांनी जावेला हाताला धरून बरोबर नेलं.

बाबा सभागृहाचा दोष घालवायला, शुद्धीला बसले होते. वहिनी हात जोडून पुढे झाल्या.

"बाबा, आमचे हात दोषी. तुमचा पवित्र हात एकदा सगळ्यांना दाखवा."

बाबांनी प्रसन्न होऊन डावा हात पुढे केला.

"हा नाही. काल ज्याने हिचा तळहात चोळलात, तो."

बाबा तो मागे घेऊ लागले, पण वहिनींनी मनगट धरलं. साबणाच्या लाद्या कापणाऱ्या बाईची पकड ती. आपल्या बाटलीतले थेंब टाकले आणि अख्खा पंजा कालच्या कुठल्याही हातापेक्षा लाल झाला.

"हिच्या बाटलीत काळी विद्या आहे," बाबा ओरडले.

"मग तुमच्याच बाटलीतलं टाकू," वहिनी म्हणाल्या. टाकलं. तोच रंग.

मग त्यांनी सगळं समजावलं. बाटलीत असतं फिनॉल्फ्थॅलिन, शाळेच्या प्रयोगशाळेतलं. ते सोड्याला लागलं की लालगुलाबी होतं. बाबा उजव्या हाताला धुण्याचा सोडा चोळून बसत. शांतिजल म्हणजे पाणी घातलेलं व्हिनेगर, त्याने रंग जातो. आणि धाकटीच्या हाताला साबण होता, एवढाच तिचा दोष.

वहिनी एवढ्यावर थांबल्या नाहीत. संयोजकबाईंचा माईक घेऊन त्यांनी बाबांच्या तोंडासमोर धरला. "माझ्या हाताला धुण्याचा सोडा आहे" हे वाक्य तीनदा म्हणायला लावलं, तिसऱ्यांदा धाकटीच्या डोळ्यांत बघून. वहिनींना त्याची मुळीच दया आली नाही, आणि का यावी?

काका ओशाळून माफी मागायला आले. वहिनींनी त्यांच्याही तळहातावर थेंब टाकला. काही झालं नाही.

"हात स्वच्छ आहे, काका. दोष जरा वर आहे, डोक्यात."

"पण मग विक्री का होत नाही?" संयोजकबाईंनी विचारलं.

"ते बाबाला विचारलंत. गिऱ्हाइकाला विचारलंत का?"

धाकटी उठली आणि फाटकापाशी तासभर उभी राहून लोकांना विचारत राहिली. परत आली ती तीन कारणं घेऊन. रस्त्यावरच्या फलकाचा बाण गाड्यांच्या तळाकडे आहे, म्हणून लोक तिकडूनच परत जातात. टेबलांवर किमती लिहिलेल्या नाहीत आणि विचारायला संकोच वाटतो. "आणि ताई, आपल्या साबणाचा वास फार उग्र आहे म्हणतात."

तो वास वहिनींनी स्वतः निवडला होता. हे कारण चांगलंच झोंबलं. पण फलक फिरवता येतो, किमती लिहिता येतात, वास बदलता येतो, आणि त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. धंदा बसला तर कारण जरूर शोधा. मात्र ज्या कारणाचा इलाज ते सांगणाऱ्याच्याच पिशवीत निघतो, त्या कारणावर विश्वास ठेवू नका. आधी त्याचे हात तपासा.