लाल चिंधी

“काच उघडी टाकायची नाही, धाकटे. चिंधीत गुंडाळायची, वर घट्ट गाठ मारायची. कचऱ्याच्या पलीकडे कुणाचा तरी हात असतो.”

थोरल्या जाऊबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. त्याची दोन बोटं मिटत नव्हती. कुणीतरी फुटका ग्लास तसाच पिशवीत ढकलला होता आणि कचरा निवडायच्या शेडमध्ये जाऊबाईंनी त्या पिशवीत हात घातला होता. नस तुटली, बोटं कायमची ताठ राहिली. “माझं झालं ते झालं,” त्या म्हणाल्या होत्या, “पण तुझ्या गल्लीतून उघडी काच यायची नाही, एवढा शब्द दे मला.”

धाकटीने शब्द दिला होता. आणि देवापुढे बोललेला नेम पाळावा तसा तो पाळला होता. म्हणूनच आज नव्या गाडीमागे उभी राहून, डोळ्यांसमोर जे चाललं होतं ते तिला बघवेना.

ती नगरपालिकेची घरोघर कचरा नेणारी बाई. हातगाडीवर दोन पिंपं, एक ओल्याचं, एक सुक्याचं, आणि दांड्याला टांगलेली काचेसाठीची बादली. दारोदारी तिचं एकच पालुपद, “वेगळं ठेवा हो, वेगळं ठेवा.” त्यावरून लोकांनी तिचं नाव पाडलं वेगळीबाई. “आली वेगळीबाई! उठा आता, नाहीतर तुम्हालाही वेगळं काढील,” असं कोपऱ्यावरची शिंपीण नवऱ्याला मोठ्याने ऐकवायची आणि अख्खी गल्ली हसायची. शिंपिणीची जीभ तिच्या कात्रीहून धारदार, पण मन मोठं. पडद्यांच्या अस्तराच्या लाल चिंध्या ती पिशवी भरभरून द्यायची. “घे, तुझ्या काचेला नवे कपडे.”

त्या चिंध्या वेगळीबाईने घरोघर वाटल्या. बाटली फुटली, आरसा तडकला, दिवा गेला, की लाल चिंधी, वर गाठ. पुढेपुढे शाळकरी पोरांनाही ते सांगावं लागेना. शेडमध्ये लाल गाठोडं आलं की जाऊबाई ते न उघडता डाव्या हाताने उचलत आणि पेटीत ठेवत. “तुझ्या गल्लीचा माल आला ना, की जिवाला जरा स्वस्थता वाटते बघ,” त्या म्हणायच्या. घरी कुणी कौतुक केलं नाही, कचेरीत कुणी विचारलं नाही, तरी त्या एका वाक्यावर धाकटी कितीतरी दिवस चालायची.

मग कचरा वेगळा करायची ही योजना गावभर वाढवायचं ठरलं. हातगाड्या बंद, सगळ्या वॉर्डांत मोठी गाडी. नगरपालिकेच्या साहेबांनी तिला कचेरीत बोलावलं, खुर्ची दिली. आजवर तिला तिथे कुणी खुर्ची दिली नव्हती. ती अर्धीच बसली.

“बाई, लोक तुमचं ऐकतात. नव्या भागातही तुम्हीच फिरा. घरोघर समजावून सांगा.”

“सांगते की साहेब. पण गाडीत वेगळं राहील ना?”

“अहो, गाडी पाहिली नाहीत का? एक झाकण निळं, एक हिरवं. आणखी काय पाहिजे?”

“आणि काच?”

“ती सुक्यात. तुमची ती चिंधीची पद्धत उत्तम आहे हो. सगळीकडे तीच लावू.”

आनंदाने तिला त्या रात्री जेवण गोड लागलं. मग ती फिरली. अनोळखी गल्ल्या, अनोळखी जिने. कुणी दार लावून घेतलं, कुणी कुत्रं सोडलं. एका निवृत्त मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “शेवटी सगळं एकाच खड्ड्यात जातं. आम्ही कशाला हात घाण करायचे?”

“नाही जाणार, गुरुजी. माझा शब्द आहे.”

मास्तर हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराशी दोन डबे दिसले. असे शब्द तिने दारोदार देऊन ठेवले.

आणि आज पहिला दिवस. नाक्यावर फीत कापली गेली, साहेबांनी तिला पुढे ओढून फोटोत घेतलं. फोटो झाल्यावर मंडळी पांगली, गाडी वळणावर गेली आणि ड्रायव्हरने मागचा दांडा खेचला. निळ्या झाकणाखालचं आणि हिरव्या झाकणाखालचं, दोन्ही एकाच तोंडात घसरलं. भाज्यांची सालं, कागद, राख, आणि त्यात ठिकठिकाणी लाल गाठोडी.

“अरे दादा, हे काय? दोन्ही एकात चाललंय!”

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. “मावशी, झाकणं दोन आहेत. पोट एकच.”

“मग झाकणं कशाला दोन?”

“ते रंगवणाऱ्याला विचारा.”

कचरा दाबणारी लोखंडाची पाटी खाली आली. आत कडकड वाजलं, कुणीतरी दातांखाली खडा चावावा तसं. पाटी वर गेली तेव्हा तिच्या काठाला एक लाल चिंधी लोंबत होती, रिकामी.

ती तशीच कचेरीत गेली. या वेळी खुर्ची मिळाली नाही.

“दुसऱ्या टप्प्यात वेगळं होणार आहे, बाई. सध्या लोकांना सवय लागू द्या.”

“सवय होतीच साहेब. आपण ती मोडतोय.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, तुम्ही मनापासून करता म्हणून सांगतो. बाहेर बोलू नका. लोकांना कळलं तर उद्या कुणी वेगळं करणार नाही. मग इतक्या वर्षांची तुमचीच मेहनत वाया जाईल. बरोबर ना?” पेन पुन्हा उचलत ते म्हणाले, “आणि ती बादलीबिदली आता काढू नका. गाडी असताना परस्पर गोळा करताना दिसलात तर मला नाइलाजाने नाव कमी करावं लागेल.”

साहेबांचं बोलणं खोटं नव्हतं, हाच त्यातला काटा होता. संध्याकाळी जाऊबाईंच्या खोलीवरून जाताना ती दाराशी थबकली. आत भांड्यांचा आवाज येत होता. कोणत्या तोंडाने सांगायचं? उद्या सांगू, असं म्हणून ती पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडवरच्या मुकादमाचा निरोप आला, जाऊबाईंना लागलं म्हणून.

जाऊबाई दवाखान्यातून घरी आल्या होत्या. खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. या वेळी डावा हात. मनगटापर्यंत पांढरं बांधलेलं, आणि शेजारी उजवा, दोन ताठ बोटांचा.

“ये,” त्या म्हणाल्या. “दार लोटून घे. डोक्यावर पंखा आहे, पण बटण दाबायला हात नाही.” आणि स्वतःच हसल्या. धाकटीने पंखा लावला.

“कसं झालं जाऊबाई?”

“गाडीने ढीग ओतला. सगळा लगदा. आम्ही बघतच राहिलो, हे काय वाढून ठेवलंय म्हणून. हात घालायचा धीर होईना कुणाला. मग मला त्यात लाल दिसलं. म्हटलं, ही धाकटीची गल्ली. इथे भ्यायचं कारण नाही. बिनधास्त हात घातला.”

पंखा कुरकुरत होता.

“चिंधी होती गं. गाठही होती. काच तेवढी बाहेर होती. कशी आली उघडी?”

धाकटीने सांगितलं. दोन झाकणं, एक पोट, लोखंडी पाटी, साहेब. सगळं ऐकून झाल्यावर जाऊबाईंनी एवढंच विचारलं, “तुला काल माहीत होतं?”

धाकटीने होय म्हणून मान हलवली.

“दारावरून गेलीस तू. चपलांचा आवाज ओळखते मी.”

धाकटीची मान वर होईना. मग जाऊबाई म्हणाल्या, “पाणी पाज.” तिने पितळी भांडं त्यांच्या ओठांना लावलं. थोडं हनुवटीवरून ओघळलं. ते पुसायला जाऊबाईंनी सवयीने हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. धाकटीने आपल्या हाताने पुसलं.

“माझ्या जागी उद्यापासून नवी बाई येतेय,” जाऊबाई म्हणाल्या. “तान्हं मूल आहे तिला. मुकादमाने तिला काम समजावलं म्हणे. लाल चिंधी दिसली तर भिऊ नकोस, असं सांगितलंय.”

“मी मुकादमाला सांगते...”

“सांग. तो साहेबांना सांगेल. साहेब दुसरा टप्पा सांगतील.” जाऊबाईंनी डोळे मिटले. “मी तुला बोल लावत नाही, धाकटे. पण शब्द तू मला दिलायस. साहेबांना नाही.”

ती घरी परतताना शिंपिणीने मशीन थांबवून हाक मारली. “काय गं वेगळीबाई, सगळं एकाच पोटात जातं म्हणे! सगळीकडे बोभाटा झालाय. आम्ही चिंध्या कापतोय वेड्यासारख्या.” आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. तिने चिंध्यांची पिशवीही पुढे केली नाही.

“हो. एकाच पोटात जातं,” वेगळीबाई म्हणाली. इतकं साधं उत्तर शिंपिणीला अपेक्षित नव्हतं. मशीनचं चाक तिने पुन्हा फिरवलं नाही.

“काच तेवढी गाडीत टाकू नका. चिंधीत बांधून तर मुळीच टाकू नका. बाजूला ठेवा.”

“आणि नेणार कोण?”

वेगळीबाई घराकडे वळली.

सकाळी तिने आंघोळ केली, दिवा लावला, रोजच्यासारखे हात जोडले. मागणं मात्र काही मागितलं नाही. नगरपालिकेचं जाकीट खुंटीवर होतं. ते तिने काढलं, झटकलं आणि पुन्हा तिथेच लटकवलं. मोरीमागची ती काचेसाठीची बादली बाहेर ओढली. तळाशी उरलेल्या लाल चिंध्या दाबून अंथरल्या, काच पडताना वाजू नये म्हणून.

नवरा कुशीवर वळला. “एवढ्या लवकर? जाकीट नाही घातलंस?”

“नको आज.”

“गाडी यायला वेळ आहे अजून.”

“म्हणूनच,” ती म्हणाली. चपला घातल्या, बादलीचा दांडा कोपरात अडकवला आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. गल्लीत अजून कुणी उठलं नव्हतं. पहिल्या दाराशी जाऊन तिने कडी वाजवली, हळूच, झोपलेल्या माणसाला दचकायला होणार नाही अशा बेताने.